खिचडीनंतरची बारा मिनिटं : विशेष गरजा असलेल्या मुलांना दात घासायला शिकवताना

दरवर्षी २० मार्चला, जागतिक मौखिक आरोग्य दिनाच्या आसपास, बऱ्याच शाळांत दंत शिबिर होतं. प्लास्टरचा मोठा जबडा येतो, हातभर लांब ब्रश येतो, "रोज दोनदा दात घासायचे ना?" असं विचारलं की अख्खा वर्ग "होऽऽ" म्हणतो. मग प्रत्येकाला एक पेस्ट, एक ब्रश आणि एक सामूहिक फोटो. शिबिराचं मोल मी कमी लेखत नाही, त्या निमित्ताने तोंडं तपासली जातात. पण मागच्या बाकावरची स्वमग्न मुलगी त्या गोंगाटात कान झाकून बसलेली असते, आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाच्या मुठीत तो बारीक दांड्याचा ब्रश टिकतच नाही. या मुलांना दात का घासायचे ते सांगून फारसं काही हाती लागत नाही. कसे घासायचे, ते त्यांच्या हाताला आणि तोंडाला रोज थोडं थोडं शिकवावं लागतं, शर्टाचं बटण लावायला शिकवतो तसं.

मी प्राथमिक शाळेच्या साधन कक्षात, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या वर्गात, पहिली ते पाचवीच्या मुलांबरोबर काम करते. दात घासणं हे आम्ही मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे आयईपीत, स्वावलंबनाच्या कौशल्यांमध्ये लिहितो आणि दुपारच्या खिचडीनंतर बारा मिनिटं त्यासाठी राखून ठेवतो. आराखड्यात लिहिलं की ते काम तासिकेचं होतं, कुणाच्या मर्जीवर राहत नाही. पुढे जे लिहिलं आहे ते वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, मदतनीस मावशी आणि घरची माणसं, सगळ्यांना करता येण्याजोगं आहे.

पहिली पायरी : ब्रश हातात घेण्याआधी मुलाची माहिती घ्या

आईवडिलांना शाळेत बोलावून अर्धा तास निवांत बसा. घरी दात कोण घासतं, कधी, कशाने? मूल चूळ भरून थुंकू शकतं का, की पाणी गिळतं? जेवताना ठसका लागतो का? आकडी येते का, कोणती औषधं चालू आहेत? हृदयाला जन्मतः छिद्र होतं का, शस्त्रक्रिया झाली आहे का? डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असणं) असलेल्या बऱ्याच मुलांना हृदयाचा जन्मजात दोष असतो आणि दात काढणं किंवा हिरड्यांचे उपचार करण्यापूर्वी दंतवैद्याला ते ठाऊक असावंच लागतं. आकडीवरच्या फेनिटॉइन या औषधाने काही मुलांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. अशा हिरड्या दिसल्या म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. ब्रश मात्र जास्त काळजीने करायचा, कारण तोंड स्वच्छ असलं की ही वाढ आटोक्यात राहायला मदत होते.

आणखी एक गोष्ट पालकांना हमखास सांगा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच असेल, पडून जाईल, असं घरच्यांना वाटतं. ती कायमची दाढ असते. अगदी मागे, खोल खाचांची आणि ब्रश न पोहोचणारी. आमच्या मुलांच्या तोंडात सगळ्यात आधी किडलेली सापडते ती बहुतेक वेळा हीच. डाउन सिंड्रोममध्ये सगळेच दात उशिरा येतात, तिथे या दाढेची वाट आणखी वर्षभर पाहावी लागू शकते.

दुसरी पायरी : जागा आणि सामान

रोज एकच जागा, एकच वेळ, शक्यतो माणूसही एकच. नळाशी रांग लावू नका. ओला चिखल, धक्काबुक्की आणि बादलीचा आवाज एवढ्यानेच काही मुलं बिथरतात. आम्ही वर्गाच्या कोपऱ्यात खुर्ची, आरसा आणि एक टब ठेवतो.

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा घ्या. दांड्यावर मुलाचा फोटो चिकटवा, नाव वाचता येत नसलं तरी स्वतःचा चेहरा ओळखू येतो. ब्रश उभे आणि एकमेकांना न टेकता सुकू द्यावेत. ओल्या ब्रशला टोपण लावून डब्यात कोंडू नका. पेस्टची नळी प्रत्येकाच्या ब्रशला टेकवायची नाही, कागदाच्या तुकड्यावर ठिपके काढून ठेवायचे आणि ज्याने त्याने आपापला उचलायचा. साधारण तीन महिन्यांनी ब्रश बदला. जो ब्रश चावतो त्याचा तर आधीच फिस्कटतो.

मूठ नीट वळत नसेल तर दांडा जाड करा. सायकलच्या हँडलची रबरी मूठ दोन-चारशे रुपयांच्या कुठल्याही खास साधनापेक्षा चांगली चालते, आत कापड कोंबून घट्ट बसवायची. एसीच्या नळीवर चढवतात तो काळा फोमही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, वीतभर पुरतो. ज्याची बोटं अजिबात मिटत नाहीत त्याच्या तळहाताभोवती वेल्क्रोची पट्टी शिवून तीत ब्रश खोचता येतो.

तिसरी पायरी : तोंडाजवळ जायची परवानगी मिळवा

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. जी मुलं कायम कुणाच्या तरी हातून भरवली, पुसली, औषध पाजली जातात, त्यांच्या तोंडाशी आजवर बहुतेक जबरदस्तीच झालेली असते. हात पकडून, नाक दाबून, डोकं धरून. त्यामुळे तोंड मिटून घेणं हा त्यांचा हट्ट समजू नका, तेवढा एकच नकार त्यांच्या हातात उरलेला असतो.

सुरुवात तळहातापासून करा. मग दंड, खांदा, गाल, ओठ. स्पर्श ठाम ठेवा. हलका, गुदगुल्या करणारा स्पर्श पुष्कळ स्वमग्न मुलांना सहन होत नाही. प्रत्येक ठिकाणी पाचपर्यंत मोजा आणि पाच म्हणताच हात काढा, मूल शांत असलं तरी काढा. "पाच म्हटलं की थांबतात" हा विश्वास बसला की अर्धी लढाई जिंकली. गालापर्यंत आलात की मुलाला कोरडा ब्रश नुसता हाताळू द्या. बाहुलीचे दात घासू दे, तुमचे घासू दे. मग ओठाला ब्रश, मग पुढचे दात, मग बाजूचे. कुणाला आठ दिवस लागतात, कुणाला दोन महिने.

आमच्याकडे दुसरीतली एक मुलगी होती. ब्रश दिसला की टेबलाखाली जायची. आई म्हणाली, "बाई, ही घरी पण असंच करते, शेवटी मी बोटाने फिरवते." आम्ही पेस्ट बाजूलाच ठेवली. पुदिन्याच्या पेस्टला ती "तिखट" म्हणायची आणि तिच्या जिभेला ती खरोखरच तिखट लागत असणार. महिनाभर फक्त पाण्यात बुडवलेला ब्रश. नुसत्या ओल्या ब्रशनेही दातांवरचा चिकट थर बराच निघतो, त्यामुळे तो महिना वाया जात नव्हता. एके दिवशी ती टेबलाखालूनच हात बाहेर काढून म्हणाली, "पाच." मी ब्रश तिच्या हातात दिला, तिने पुढच्या दातांवर ठेवला, पाच मोजले आणि परत केला. टेबलाखालीच. त्या दिवशीच्या नोंदीत आम्ही "ब्रश केला" असंच लिहिलं.

चौथी पायरी : कामाचे तुकडे पाडा आणि शेवटापासून शिकवा

"दात घास" ही एक सूचना नाही, त्यात डझनभर कामं दडलेली आहेत. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात ती अशी मांडली आहेत, प्रत्येकापुढे मुलांचेच फोटो लावून :

१. फोटो पाहून आपला ब्रश उचलणे
२. ब्रश ओला करणे
३. कागदावरची पेस्ट उचलणे
४. आरशासमोर बसणे
५. "ई" करून पुढचे दात, गोल गोल
६. उजवा गाल, बाहेरून
७. डावा गाल, बाहेरून
८. "आ" करून खालच्या दाढा, वरून
९. वरच्या दाढा
१०. दातांची आतली बाजू
११. थुंकणे
१२. ब्रश धुणे
१३. तोंड पुसणे
१४. ब्रश जागेवर उभा ठेवणे

आता शिकवायला सुरुवात चौदाव्या पायरीपासून करा. पहिल्या तेरा पायऱ्या मुलाचा हात धरून आपण करायच्या, शेवटची त्याने एकट्याने. ब्रश ठेवला की काम संपलं, टाळी मिळाली, झोक्यावर जायला मिळालं. ते जमलं की तेराव्यापासून पुढचं त्याचं, मग बाराव्यापासून. रोज काम पुरं झाल्याचा आनंद मुलाच्या स्वतःच्या हातून येतो. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर मूल ब्रश उचलतं आणि मग उरलेला वेळ त्याच्यावर कुणीतरी काहीतरी करत राहतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर हा फरक पंधरा दिवसांत दिसतो.

मदत कमी करण्याचाही क्रम असतो. आधी हातावर हात, मग नुसतं मनगट, मग कोपराला स्पर्श, मग बोटाने खूण, मग तक्त्याकडे नजर. तोंडी सूचना मी जाणूनबुजून कमी देते. "आता आत घे, आता गोल फिरव" ही सवय एकदा लागली की मूल प्रत्येक पायरीला आपल्या आवाजाची वाट पाहत थांबतं. हाताची मदत सोडवता येते, आवाजाची सोडवताना वर्ष जातं.

उभं राहायचं ते मुलाच्या मागे. त्याचं डोकं तुमच्या पोटाला किंवा छातीला टेकू द्या आणि दोघांनी आरशात बघा. समोरून केलं तर डावं-उजवं उलटं होतं आणि चेहऱ्यावर चालून आल्यासारखं वाटतं. छोटे गोल काढणं जमत नसेल तर हलक्या हाताने पुढे-मागे चालेल. ब्रश कोणत्या पद्धतीने फिरला याहून तो सगळ्या दातांपर्यंत आणि हिरडीच्या कडेपर्यंत गेला का, हे महत्त्वाचं. पूर्ण दोन मिनिटं हे ध्येय ठेवा, पण सुरुवातीची वीस सेकंदंही मनापासून स्वीकारा.

जमलं की नाही हे मुलाला स्वतःलाच कळावं यासाठी जिभेसारखं साधन नाही. "जिभेने दात चाट. गुळगुळीत लागतात की खरखरीत?" खरखरीत लागलं तिथे परत ब्रश. दृष्टिबाधित मुलांसाठी मी हे शोधलं होतं, आता सगळ्यांनाच विचारते.

पाचवी पायरी : पेस्ट आणि थुंकणं

सहा वर्षांवरच्या, नीट थुंकणाऱ्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर लाट काढलेली दाखवतात, तेवढी नको. थुंकता येत नसेल तर तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ब्रश झाल्यावर ओल्या फडक्याने तोंड आतून पुसून घ्या. पेस्ट फ्लोराइडची हवी, आपल्याकडच्या पाकिटावर जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड) असं लिहिलेलं असतं. लहान मुलांच्या काही गोड पेस्टमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं, म्हणून घेताना वाचा. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसत असतील तर पेस्टचं दंतवैद्याला विचारून ठरवा.

थुंकणं वेगळं शिकवावं लागतं, ब्रशच्या वेळी नव्हे. आधी फुंकर, साबणाचे फुगे, कागदाचे कपटे उडवणं. मग आरशासमोर घोटभर पाणी गालात धरणं, मग मान खाली घालून टबात सोडून देणं. सोडून देणं जमलं तरी पुरे, पिचकारी नंतर येते. आणि पेस्ट थुंकल्यावर लगेच खळखळून चुळा भरायची गरज नसते, थोडं फ्लोराइड दातांवर राहिलेलं चांगलं.

मूल तसा बदल

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला पाठीवर झोपवून किंवा मान मागे टाकून ब्रश करू नका, पाणी आणि लाळ श्वासनलिकेत जाऊ शकते. पाठ टेकलेली, पाय आधाराला, हनुवटी किंचित खाली. पेस्ट अगदी कमी आणि पाणी जवळजवळ नाहीच. ओला ब्रश, मधूनमधून फडक्याने टिपणं. काही मुलांचा जबडा ब्रश लागताच घट्ट मिटतो. ते मुद्दाम चावत नाहीत, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. अशा वेळी ब्रश हिसकायचा नाही, थांबायचं, गालावर हात ठेवायचा, जबडा सैल होतो. बोट दातांमध्ये कधीच घालू नका. दोन ब्रश ठेवा, एकाचा जाड दांडा एका बाजूला चावायला, दुसरा घासायला.

डाउन सिंड्रोममध्ये दात किडण्यापेक्षा हिरड्यांचं दुखणं लहान वयात सुरू होण्याची भीती जास्त, म्हणून ब्रशचे केस हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर टेकलेत ना हे पाहा. घासताना रक्त आलं की लोक ब्रश थांबवतात. सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं आणि ती बरी व्हायला हळुवार ब्रश रोज लागतो. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर दाखवा.

कर्णबधिर मुलाचे डोळे एकाच वेळी आरशात आणि तुमच्या खुणांवर असू शकत नाहीत. आधी पायरी करून दाखवा, खुणेने सांगा, मग त्याचा हात चालू द्या. मास्क लावून शिकवू नका. दृष्टिबाधित मुलाला तुमचा हात खाली आणि त्याचा वर अशी हालचाल जाणवू द्या, आणि पेस्ट ब्रशवर नेम धरून लावण्यापेक्षा बोटावर घेऊन थेट दातांना लावायला शिकवा. सांडासांड होत नाही.

स्वमग्न मुलासाठी "आधी ब्रश, मग झोका" असं दोन चित्रांचं पान आणि वाळूचं घड्याळ ठेवा. संपणार कधी, हे दिसलं की सहन होतं. गालात घास धरून ठेवायची सवय असेल तर खिचडीनंतर दोन्ही गालांवरून बाहेरून बोट फिरवून बघा.

खाऊबद्दल स्पष्ट बोलायला हवं

दात किडवण्यात आपणही सामील असतो. विशेष मुलांच्या वर्गात बक्षीस म्हणून चॉकलेटचा तुकडा, बिस्किटाचा कण, गोळी हे सर्रास चालतं. मीही अनेक वर्षं दिलं. अर्ध्या तासात दहा वेळा दिलेला कण एकूण मोजला तर एक चॉकलेटही होत नाही, पण दातांना किती खाल्लं याहून किती वेळा खाल्लं हे जास्त भोवतं. प्रत्येक गोड कणानंतर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते निवायला साधारण अर्धा तास लागतो. दर तीन मिनिटांनी कण म्हणजे आम्ल निवतच नाही. आता आम्ही शिक्का, साबणाचे फुगे, हातावर टाळी, दोन मिनिटं फोनवरचं गाणं, असं देतो. बदलायला पंधरा दिवस त्रास झाला, नंतर कुणी चॉकलेट मागितलं नाही. खाऊच हवा असेल तर काकडी, पेरू, घट्ट ताक. ठसका लागणाऱ्या मुलाला काय चालेल ते आधी विचारून.

घरच्या गोडात सरबतासारखी औषधं सगळे विसरतात. आकडीचं गोड सिरप रात्री ब्रश झाल्यावर, झोपताना दिलं जातं आणि झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ती साखर रात्रभर दातांवर राहते. घरच्यांसाठी माझी एकच ओळ पाठ असते, "आधी औषध, मग ब्रश." औषधाची वेळ बदलायची नाही, ब्रश पुढे ढकलायचा. ते जमतच नसेल तर औषधानंतर दोन घोट पाणी. डॉक्टरांना बिनसाखरेचा पर्याय आहे का, हेही विचारा.

घरी काय सांगायचं

रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा, आणि नेमका तोच बुडतो कारण मूल जेवता जेवता पेंगतं. तो झोपेच्या वेळेला बांधू नका, जेवणाच्या ताटाला बांधा. हात धुतले की ब्रश. मुलाने स्वतः घासल्यावर मोठ्या माणसाने एकदा फिरवून घ्यायचं. साध्या मुलांनाही सात-आठ वर्षांपर्यंत हे लागतं, आपल्या काही मुलांना कायम लागेल. त्यात आईने कमीपणा मानू नये आणि मुलालाही वाटू देऊ नये.

घरात आजी मिश्री लावत असेल तर नातवंडं शेजारी बसून बोट घालतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, हे थेट सांगा, पण आजीला सर्वांसमोर खजील करू नका. आमच्याकडच्या एका आजीला आम्ही नातवाच्या ब्रशची जबाबदारी दिली. ती रोज संध्याकाळी ओसरीवर त्याच्या मागे बसते, तक्ता तिला आमच्यापेक्षा पाठ आहे.

दुखतंय हे न बोलणारं मूल कसं सांगतं

तिसरीतला एक मुलगा अचानक स्वतःच्या डाव्या गालावर मारून घ्यायला लागला. आम्ही त्याला वर्तनसमस्या म्हटलं. तीन आठवडे तक्त्यावर नोंदी केल्या, किती वेळा, कधी, आधी काय झालं होतं. जेवणानंतर वाढतं हे नोंदीत स्वच्छ दिसत होतं आणि आमच्यापैकी एकानेही त्याच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं नाही. डाव्या खालच्या दाढेखाली पू झाला होता. दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी मारणं थांबलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : वागण्यात अचानक बदल झाला की आधी तोंड आणि कान बघायचे, मग वर्तनाचा तक्ता काढायचा.

एका बाजूनेच चावणं, थंड पाणी नाकारणं, लाळ वाढणं, हात चावणं, रात्रीची झोप मोडणं, आवडीचा घास ताटात ठेवणं, या सगळ्याकडे त्याच नजरेने पाहा. गालावर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाशी न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरा, दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत.

दंतवैद्याकडे जाताना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, दातांच्या तक्रारीही त्यांच्या तपासणीत असतात. त्या दिवशी आपली मुलं गैरहजर राहू नयेत म्हणून पालकांना आधी फोन करा, आणि पहिल्या पायरीत घेतलेली मुलाची माहिती एका पानावर लिहून पथकाच्या हातात द्या. पुढच्या उपचारासाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे बालदंतचिकित्सा विभागाची चौकशी करा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्ट) निरामय योजना पाहा. १ लाख रुपयांपर्यंतच्या त्या आरोग्य विम्यात दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही समावेश आहे.

डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून विचारा : नव्या दाढांच्या खाचा बुजवता येतील का, आणि ड्रिल न करता कीड थांबवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड चालेल का. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधी सांगा, पण खुर्चीत दोन मिनिटंही न बसणाऱ्या मुलासाठी तो मोठा आधार ठरतो.

भेटीची तालीम शाळेतच करा. आरामखुर्ची, बॅटरी, छोटा आरसा, गळ्यात रुमाल. पहिल्या भेटीत फक्त खुर्चीत बसून पाच मोजायचे आणि घरी यायचं, असं डॉक्टरांशी आधीच ठरवा, गर्दी नसलेली वेळ मागा. त्या टेबलाखालच्या मुलीने पहिल्या भेटीत खुर्चीत बसून स्वतःच पाच मोजले आणि उतरली. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी आरसा हातात घेतला तेव्हा तिने आधी तो मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि "आ" केला.